गच्चीवरची फुली

सोमवार
आलो एकदाचा! ताईनं माडीवरची खोली झाडूनपुसून ठेवली होती. आई गेल्यावर हिनंच मला लहानाचं मोठं केलं, आता नोकरीही हिच्याच गावात. काम मजेचं आहे. हौशी लोक उडवतात तसलं छोटं ड्रोन गावावरून सरळ रेघांत फिरवायचं, एकमेकांवर थोडे चढणारे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर जोडून नकाशा करायचा. विमानाच्या मोजणीपेक्षा कितीतरी स्वस्त. आधी जमिनीवर ठरावीक जागी चुन्याच्या फुल्या मारायच्या, त्यांवरून नकाशा जागच्या जागी बसतो. ताई म्हणाली, पतंग उडवायचा पगार मिळतो होय रे तुला!

बुधवार
पहिला नकाशा झकास आला. फक्त शिंप्याच्या छपरावर एक फुली जास्तीची. मी मारलेली नाही. साहेबांना विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, असू दे. माझ्या आधीचा माणूस का गेला तेही सांगत नाहीत. हा माणूस काहीतरी लपवतोय.

शुक्रवार
साहेबांनी पुन्हा उड्डाण करायला लावलं. नकाशात शिंप्याचं दुकान नाही! फोटो जोडताना चुकलो असेन म्हणून बघायला गेलो. मोकळी जागा, गुडघाभर गवत. शेजारचा न्हावी म्हणाला, इथं कधी काही नव्हतंच. यानं साहेबांकडून पैसे खाल्लेत की काय?
पण ताईनं स्वतः माझी पँट शिंप्याकडे टाकली होती. तिला विचारलं.
"कोण शिंपी?" म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. चेष्टा करतेय असं वाटलं. करत नव्हती.

शनिवार
साहेबांना सरळ विचारलं, शिंप्याचं काय केलंत?
"नकाशा जमिनीशी जुळतोय ना? मग झालं."
तरी आज उडवलंच, मूर्खासारखं. फोटोत फुली आहे. आमच्या गच्चीवर. धावत वर गेलो — स्वच्छ फरशी, चुन्याचा कण नाही.

रविवार
नोकरी गेली खड्ड्यात. ड्रोन माझ्या कपाटात, कुलूप लावून. पुन्हा उडालं नाही तर काही होणार नाही — नाही ना? ताईला म्हटलं, आत्ता चल इथून. हसली. पाया पडलो तेव्हा घाबरली, पण माझ्यासाठी. उद्या डॉक्टरकडे नेते म्हणाली.

सोमवार
साहेबांकडे दुसरं ड्रोन होतं. डोक्यावर घरघर —
ताईला ओढत रस्त्यावर आणलं. ती ओरडत होती, गॅस चालू आहे, गॅस — हात घट्ट धरला होता. सोडला नाही. शपथ, सोडला नाही —
समोर गवत. हात रिकामा.
शेजारीण विचारतेय, कोण हवंय.
वही खिशात आहे. लिहून ठेवतो, म्हणजे निसटणार नाही. मोठी बहीण. मला वाढवलं. हसली की नाकाला आठ्या पडायच्या — पडायच्या ना? मी ताई म्हणायचो, पण नाव होतं तिला. सगळे हाक मारायचे. तिचं नाव —