पत्र्यावरचं पीठ

बाबा, मी गाडी घेतली. डिझेलची, नवी कोरी पिकअप, पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. गाडी माझ्या नावावर आहे आणि चालवते मीच. एवढ्यावरच तू कपाळाला हात लावला असशील तर थांब, अजून बाकी आहे. त्या पिकअपच्या मागे मी चाकांवरचं एक घर जोडलंय. कॅराव्हॅन म्हणतात त्याला. आत दोन बिछाने, छोटा ओटा, गॅसची शेगडी, हात धुवायला बेसिन आणि खिडक्यांना पडदे. इंजिन नाही, नुसतं ओढायचं. म्हणजे तुझ्या भाषेत ट्रेलरच. तुझी मुलगी एक्कावन्नाव्या वर्षी ट्रेलर ओढते. जा, सांग तुझ्या तिकडच्या डायवरांना.

तुला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. शेती गेली तेव्हा गावातल्या बाकीच्यांनी दुकानं टाकली, खोल्या बांधल्या, आणि तू स्टिअरिंग धरलंस. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि महाप्याला टाकायचा, कधी थेट कच्छपर्यंत जायचं. तू दादाला गाडी शिकवलीस, तो दोन महिन्यांत कंटाळला. मग चुलतभावाला शिकवलीस, मेव्हण्याला शिकवलीस, गल्लीतल्या दोघा-तिघांना शिकवलीस. मला नाही. बारा वर्षांची असताना एकदा गाडी खळ्यावर उभी होती आणि मी केबिनमध्ये चढून बसले. काही केलं नव्हतं, फक्त चाकावर हात ठेवले होते. तू दंडाला धरून मला खाली ओढलंस आणि सगळ्या आळीसमोर म्हणालास, "बाई केबिनमंदी बसली का गारी वाटंत बसते." मग गाडीला उदबत्ती ओवाळलीस. मला राग उदबत्तीचा आला होता. ओढणं चालेल, ओरडणं चालेल, पण माझ्यामागून ते ओवाळणं कशाला? तो राग मी जपून ठेवलाय. बेलापूरच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं फायली सरकवल्या, तेव्हाही तो माझ्याबरोबर टेबलाशी बसायचा.

आणि राग फक्त माझा नाही, आईचाही आहे, फक्त ती तो बोलून दाखवत नाही. आठवतंय, कच्छहून तू तिला आरशांची पिशवी आणली होतीस? ती पिशवी तिने एकदाही वापरली नाही, खुंटीला टांगून ठेवली. त्या रात्री जेवताना तू सांगत होतास, "तिकरं मीठ हाय, नजर जाईल तवरं मीठ. आपली मिठागरं त्याच्यापुरं काय पन नाय." आईचं लहानपण मिठागरात गेलेलं. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिलेल्या, टाचांना भेगा पडलेल्या. तिने वाढता वाढता हळूच विचारलं, "मना दाखवशील कवा?" तू हसलास. म्हणालास, "वाटंत काय बगाचा हाय तुला? डांबर?" झालं. पुन्हा तिने विचारलं नाही. तुझ्या गाडीने लाखो मैल तुडवले असतील, आणि आई त्या गाडीत बसून गावाच्या वेशीपर्यंतही गेली नाही.

मी हे सगळं विसरले असते कदाचित. पण रिटायर व्हायला वेळ होता तरी मी नोकरी सोडली, आणि सोडल्यावर पहिल्या आठवड्यात आईला विचारलं, "कुठे जायचं तुला?" ती म्हणाली, "जाचा काय आता या वयात." आणि खुंटीकडे बघितलं. शहात्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, दर दोन तासांनी आडवं व्हावं लागतं, हॉटेलातलं जेवण पोटाला चालत नाही. मग मी ठरवलं की घरच बरोबर न्यायचं.

कॅराव्हॅन आणायला घाटावरच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या माणसाने पिकअपच्या मागे लोखंडी गोळा बसवला, त्यावर कॅराव्हॅनची मान अडकवली, साखळ्या लावल्या, दिव्यांची वायर जोडली आणि मला विचारलं, "मॅडम, साहेब नाही आले?" म्हटलं, "साहेब मीच." निघताना पाण्याचे कॅन, गॅसची टाकी, गाद्या, सगळं मी कॅराव्हॅनच्या मागच्या टोकाला रचलं होतं, दार तिकडे होतं म्हणून. वेग जरा वाढला आणि ते घर मागे शेपूट हलवायला लागलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, माझ्या गाडीलाही बरोबर खेचत. बाबा, मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पाय उचलला, ब्रेक दाबला नाही, हळूहळू बाजूला घेतली. आणि उभ्या उभ्या मला तुझा बाप आठवला, माझा आजा. भाताच्या पेंढ्या गाडीत मागे जास्त झाल्या की तो ओरडायचा, "उलाळली गारी!" बैलाच्या मानेवर थोडं वजन पाहिजे, नाहीतर मान वर उचलली जाते. अर्धा तास घाम गाळून मी सगळं सामान पुढे, मानेजवळ आणलं. मग ते घर गुमान मागे आलं, घाटातसुद्धा. डिझेलची ओढ काय असते ते मला त्या दिवशी कळलं. पायाखाली नुसती गुरगुर, आणि दीड टन मागून चालत येतंय.

खरी अडचण घरी आल्यावर झाली. ऐरोलीच्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने गेटवरच अडवलं. "ताई, एका फ्लॅटला एक पार्किंग. आणि हे नक्की काय आहे? गाडी आहे की सामान? रजिस्टरमध्ये कुठल्या रकान्यात लिहू?" मी म्हटलं, पाहुणा म्हणून लिहा. तो काही हसला नाही. एक रात्र ठेवू दिलं, तेही उपकार केल्यासारखं. म्हणजे ठेवायची जागा एकच उरली, गावातलं आपलं जुनं खळं, तू ट्रेलर लावायचास तेच.

दादाला फोन केला. आई त्याच्याकडेच असते, चार मजली घरात, खाली आपली खोली आणि वर भाडेकरू. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "आयेला घेऊन कच्छला? तुला डोका हाय का? बाबा असता तं..." म्हटलं, बाबा असता तर मीठ एकटाच बघून आला असता. तेव्हा तो म्हणाला, "बरा. ती गारी गल्लीतून मांगं घे आन खल्यावं लाव. एकटीनं, कुटं न घासता. जमला तं आयेला ने. नाय जमला तं आयेचा नाव कारू नको." दादा वाईट माणूस नाही. त्याला आईची भीती वाटते, म्हणजे आईला काही होईल याची. पण ही अट त्याची नव्हती, तुझी होती. तूच म्हणायचास ना, "पुरं ओढाला बैल पन शिकतं. मांगं घेल तो डायवर."

तुला खळं आठवतं तसं आता नाही. एका अंगाला विहीर होती तिच्यावर जाळी टाकलीय, दुसऱ्या अंगाला देवळाचा ओटा आहे तसाच आहे, पण अलीकडे दोन्ही बाजूंना माड्या चढल्यात, त्यांच्या पायऱ्या गल्लीत उतरल्यात. पुढे वळायला जागा नाही. जायचं तर उलटंच. आज संध्याकाळी पाच वाजता मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा अर्धा गाव पायऱ्यांवर बसला होता, जशी काही कबड्डीची फायनल आहे. मी काचा वर केल्या, एसी लावला, आणि मागचा कॅमेरा चालू केला. पडद्यावर काय दिसलं सांगू? कॅराव्हॅनचं कपाळ. निळा पत्रा, बस. एवढा महागाचा कॅमेरा आणि आंधळ्यापुढे आरसा!

पहिल्यांदा घेतली, तर शेपूट विहिरीकडे गेलं. पुढे घेऊन परत घेतली, तर ओट्याकडे. डावीकडे जायचं म्हणून चाक डावीकडे फिरवलं की ते घर उजवीकडे पळतं, हे माहीत होतं मला, पण हाताला माहीत नव्हतं. त्यात पायऱ्यांवरून सगळे सल्ले देतायत. "काट काट!" "अजून सोर!" "उलटी मार!" तिसऱ्यांदा पिकअप आणि कॅराव्हॅन गल्लीत काटकोनात अडकले. ओटा वीतभर राहिला. दादाने काचेवर टकटक केली. तो चिडला नव्हता, उलट मऊ आवाजात बोलला, आणि तेच मला लागलं. "सोर आता. साखळी कारू, चार मानसं हातानं ढकलतील." मी चाकावर डोकं टेकून बसले. तुझ्यावर इतकी चिडले होते की रडायलासुद्धा आलं नाही.

तेवढ्यात आई बाहेर आली. भाकऱ्या थापत होती ती, कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. पायऱ्यांकडे बघून म्हणाली, "सगली गप रवा." आणि सगळी गप्प बसली. माझ्या खिडकीशी आली. "काच खाली कर. त्या टीवीत बगू नको, मांगं पन बगू नको. आयक."

आणि बाबा, मग मी आठ वर्षांची होते. तू संध्याकाळी महाप्याहून येतोस. तुझा क्लीनर वाटेत त्याच्या घरी उतरलेला असतो, म्हणून तू गल्लीशी थांबून एकच हॉर्न देतोस. आई तव्यावरची भाकरी उतरवते आणि तशीच पिठाच्या हातांनी धावते. ट्रेलरच्या मागे उभी राहते. दोन थापा, येऊ दे. एक थाप, थांब. डाव्या कोपऱ्यावर थाप पडली की शेपूट डावीकडे हवं, उजव्या कोपऱ्यावर पडली की उजवीकडे. एक शब्द बोलत नाही कोणी. तू केबिनमध्ये, एक हात चाकाच्या खालच्या कडेला धरलेला, मान सरळ. विहीर आणि ओटा यांच्यामधून एवढं मोठं धूड सरळ खळ्यावर जाऊन बसतं. शेजारपाजारचे म्हणतात, काय हात आहे! तू हसतोस. आणि ट्रेलरच्या मागच्या पत्र्यावर पांढरे पंजे उमटलेले असतात, पाच बोटांचे, आठ-दहा. सकाळी तू बंदराला निघायच्या आधी पत्रा लख्ख झालेला असायचा. गेटवरचे डायवर हसतील म्हणून. घरवालीने गाडी लावली काय, असं म्हणतील म्हणून.

मी आईला आरशात दिसेनाशी होईपर्यंत जाऊ दिलं. एसी बंद केला. हात चाकाच्या खालच्या कडेला धरला. का धरला तेव्हा कळलं नाही, आता कळतंय: खाली धरला की हात ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला शेपूट जातं, उलटसुलट विचार करावा लागत नाही. तू मला हे शिकवलं नाहीस. मी घराच्या ओटीवरून बघून चोरलं. आधी पुढे जाऊन दोन्ही गाड्या सरळ केल्या. मग दोन थापा. आले. डावा कोपरा. हात डावीकडे. दोन थापा. उजवा कोपरा, थोडासा. दोन थापा, दोन थापा, दोन थापा. शेवटी एक.

उतरून बघितलं तर विहिरीपासून हातभर, ओट्यापासून हातभर. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आपल्याकडे तशी पद्धत नाही. एक म्हातारा म्हणाला, "बापाचा हात हाय." मी वळून सांगितलं, "आईचा." जोरात सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुझी इज्जत गेली असेल तर जाऊ दे. जन्मभर तिच्या जिवावर मिरवलास. दादा कॅराव्हॅनभोवती एक फेरी मारून आला, घासलंय का ते बघायला, आणि म्हणाला, "गॅसची टाकी घट्ट बांद. आन तिच्या गोल्या मी डब्यात भरून देतो."

उद्या सकाळी निघतोय. आईने सहा लिंबं काढून ठेवलीत, चाकांखाली ठेवायला. दादा म्हणाला, "मांगच्याला इंजिन नाय, त्याला कशाला?" ती म्हणाली, "चाक हाय ना त्याला?" ती केबिनमध्ये पुढे बसणार आहे, माझ्या शेजारी, मांडीवर आरशांची पिशवी घेऊन. गाडी वाटेत बसली तर बसली. चहा करू, दोन तास आडव्या होऊ, मग उठू. आणि सगळ्या वाटेवरचं डांबर मी तिला दाखवणार आहे.

हे मी कॅराव्हॅनच्या ओट्याशी बसून लिहितेय. लिहून झालं की पिकअपच्या कप्प्यात गाडीच्या कागदांखाली ठेवीन, पाठवायला तुझा पत्ता कुठे आहे. मघाशी बाहेर जाऊन मागचा पत्रा बघून आले. निळ्यावर पांढरे पंजे, आता बोटं जरा वाकडी झालीत तिची. ते तसेच कच्छपर्यंत जातील. पण एक गोष्ट वर मी गाळली. तेव्हा सकाळी पत्रा लख्ख असायचा असं लिहिलं, कोण करायचं ते लिहिलं नाही. तू फडकं डिझेलमध्ये बुडवून माझ्या हातात द्यायचास. तुझ्या गाडीला हात लावायला मला तेवढंच मिळायचं. आई आत चुलीपुढे असायची आणि मी चवड्यांवर उभी राहून तिचं एकेक बोट पुसून काढायचे, आणि बाबा, मला ते काम फार आवडायचं.