पिशवीत न पडलेला मोबाइल

प्रिय ऋतुजा,

तू मागे आणलेल्या काटोलच्या संत्र्यांच्या साली आईने वाळवून ठेवल्या होत्या. त्या पाहून तुझी आठवण आली, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? तुझी आठवण रोज येते, आणि रोज राग येतो.

सध्या मी नागपुरात मामांकडे आहे. इतवारीतल्या त्यांच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते. गिऱ्हाईक चार साड्या उलगडून एकही न घेता उठतं, तरी हसायचं. जंगलात गाईड असताना मी पर्यटकांना डोळ्यांनी गप्प करायचे, तुला माहीत आहे.

हिवाळाभर आपण दोघी जंगलाच्या गेटवर बसलो. तुझ्या संशोधनाचे फॉर्म सफारीहून आलेल्या माणसांकडून भरून घेतले. 'प्राण्याची वाट अडवणार नाही', पूर्णपणे सहमत. 'प्राणी दिसला नाही तरी तक्रार नाही', पूर्णपणे सहमत. तेच लोक निघताना जिप्सीत बसल्या बसल्या विचारायचे, वाघ नक्की दिसेल ना? आपण किती हसायचो. लोक अडखळले की मी म्हणायचे, बिनधास्त लिहा, तुमचा फॉर्म आमच्याशिवाय कोणी बघणार नाही, माझा शब्द. हे वाक्य तूच मला पाठ करायला लावलं होतंस.

शेवटच्या दिवशी तू माझ्या गाडीत आलीस. नियमाप्रमाणे मी सगळ्यांसमोर मोबाइल जमा करायची पिशवी धरली, फक्त तुझ्यासमोर धरली नाही. होस्टेलमध्ये एका ताटात जेवलेल्या मैत्रिणीची झडती काय घ्यायची, असं वाटलं. पाणवठ्याजवळ वाघीण रस्ता ओलांडून गेली, तिची पिल्लं अलीकडे राहिली. तू हळूच म्हणालीस, थोडी पुढे घ्या ना. गाडी चालवणाऱ्या नत्थूकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मानेनेच हो म्हटलं. ती चूक माझी, ती मी लेखी कबूल केली आहे. आपल्यामागे आणखी तीन गाड्या घुसल्या. पिल्लं झुडपात दबून बसली, वाघीण पलीकडून गुरगुरत राहिली. आणि तू ओढणीआडून व्हिडिओ काढत होतीस, हे मला दोन दिवसांनी लोकांच्या मोबाइलवर कळलं. मागे आवाज माझाच होता, शांत राहा म्हणणारा.

नत्थूकाका एवढंच म्हणाले, "तिचा फोन काहून नाही घेतला वं तू?"

व्हिडिओचंही मी गिळलं असतं गं. मोह कुणालाही होतो. पण वनखात्याच्या चौकशीत तू लिहून दिलंस की गाईडने मोबाइलचा नियम सांगितलाच नाही. ते पान साहेबांनी मला वाचायला दिलं. तुझं वळणदार अक्षर, माझ्या नोट्समध्ये असायचं तेच. आईने विचारलं, ऋतुजाले तुझं काही बोलणं लागलं होतं का? मी नाही म्हटलं. आमच्या घरात हातमाग सुटल्यावर पहिला सरकारी शिक्का लागला तो माझ्या गाईडच्या ओळखपत्रावर. ते आता साहेबांच्या टेबलाच्या खणात आहे.

परवा माझ्याकडेच राहिलेला तुझ्या फॉर्मचा गठ्ठा आवरताना एक फॉर्म सापडला. त्याच दिवशीचा. गंमत म्हणून तूही भरला होतास, आठवतं? 'गाईडने मोबाइलसह सगळे नियम सांगितले का?' त्यापुढे तू लिहिलं आहेस : हो, दोनदा. फार कडक आहे, पण हिच्याकडूनच शिकावं.

मामा म्हणाले, हा कागद साहेबांपुढे टाक, मोकळी होशील. रात्रभर तो उशीखाली होता. पण मी प्रत्येकाला शब्द दिला होता, आणि फॉर्म भरणाऱ्यांत तूही होतीस. म्हणून तो या पत्रासोबत तुला परत पाठवते आहे. झेरॉक्स काढलेली नाही. सोमवारी अकरा वाजता सिव्हिल लाइन्सच्या कार्यालयात माझी शेवटची सुनावणी आहे, आणि मी तिथे रिकाम्या हाताने जाणार आहे. कागद आता तुझ्याकडे आहे.

सवयीने लिहिलं जातंय, खोडत नाही,
तुझीच
भावना