घर ताईकडे गहाण आहे

दि. १० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आता जिने चढू देतो का, ते आधी कळव.

हे पत्र मागण्याचं आहे, म्हणून गोड बोलत नाही. कृत्रिम दात भाजायच्या माझ्या भट्टीने मान टाकली. परवा एका बाईंचे पुढचे दोन दात करपलेल्या पावाच्या रंगाचे निघाले. दंतवैद्यांनी ते परत पाठवले, वर चिठ्ठी, की बाईंना दात हवे होते, टोस्ट नव्हे. नवी भट्टी घेण्याइतके पैसे माझ्याजवळ नाहीत आणि बँकेला माझे हिशेब पटत नाहीत. ते मलाही पटत नाहीत, पण ते सोड. तू निवृत्तीच्या पैशातून तुझ्या शेजारच्या बेकरीवालीला व्याजाने दिलेस, म्हणून धीर केला. बायको म्हणाली विचारू नका, मुलगी म्हणाली विचारा. मी मुलीचं ऐकलं.

उत्तर काहीही आलं तरी तुझ्या लोभात खोट येऊ नये.
तुझा,
धाकटा

दि. १८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा जिने चढतो, उतरताना कुरकुरतो.

पैसे देते. बेकरीवालीपेक्षा कमी व्याजाने देते. पण तिने दुकान गहाण ठेवलं तसं तू घर माझ्याकडे गहाण ठेवायचंस. तोंडी नाही. वकिलाकडून गहाणखत करून घ्यायचं आणि नोंदणी कचेरीत जाऊन नोंदवायचं. त्यात एक कलम असेल: माझे पैसे फिटेपर्यंत माझ्या लेखी संमतीशिवाय हे घर दुसऱ्या कुणाकडे गहाण टाकायचं नाही, की कुणाच्या कर्जाला जामीन म्हणून द्यायचं नाही.

रागावशील. रागाव, पण सही कर. आयुष्यभर इस्पितळात मेट्रन होते मी; सुई टोचताना कुणाला दुखणार नाही असं खोटं सांगितलं नाही.

तुझ्या बायकोला आणि पोरीला आशीर्वाद.
तुझी,
ताई

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही केली. कचेरीतल्या कारकुनाने तुझं माझं नातं विचारलं. सख्खी बहीण म्हटल्यावर त्याने चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आईची भांडी विकायला निघालो होतो. घरात दोन दिवस तुझं नाव निघालेलं नाही.

भट्टी आली. चांगली आहे.

लोभ असावा, जमल्यास तारणाशिवाय.
धाकटा

दि. २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भट्टीला वर्ष झालं. दात आता दातांसारखे निघतात आणि तुझे हप्ते वेळेवर जातात, तेव्हा मागचा राग सोडलाय असं समज.

फुग्या आठवतो ना? माझा शाळासोबती, फुगऱ्या गालांमुळे ते नाव पडलेला. तो चाकांचे बूट घालून घसरायचा मोठा हॉल काढतोय. जागा पाहिली, छान आहे. एक खाजगी सावकार पैसे देतो, पण त्याला स्वतःचं घर असलेला जामीन हवाय. मी हो म्हटलं. सावकाराच्या माणसाने नोंदणीत पाहिलं, तर माझ्या घरावर तुझा बोजा. आता सगळं तुझ्या एका सहीवर अडलंय. फुग्या रोज संध्याकाळी येऊन बसतो आणि मला त्याच्या तोंडाकडे पाहवत नाही. वर्षात सगळं फेडीन म्हणतो.

सही करून पाठवच. वाट पाहतो.
धाकटा

दि. २९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सही करणार नाही.

फुग्या वाईट नाही, हे मलाही ठाऊक आहे. तू तापाने फणफणला होतास तेव्हा तोच उशाशी बसून होता. पण तुझी स्कूटर त्याने नेली ती सीटशिवाय परत आली. तुझा नवा कोट तुझ्याआधी त्याच्या मेव्हण्याने झिजवला. तुला नाही म्हणता येत नाही, धाकट्या. लहानपणी घरात ते काम मीच करायचे आणि तू माझ्या मागे उभा राहायचास.

आता स्पष्टच लिहिते. ते कलम मी माझ्या पैशांसाठी घातलं नव्हतं. माझे पैसे तू बुडवणार नाहीस. ते तुझ्या या स्वभावासाठी घातलं. फुग्याला सांग, घर ताईकडे गहाण आहे आणि ताई ऐकत नाही. सगळा वाईटपणा माझ्यावर ढकल. माझी पाठ रुंद आहे.

रागावलास तरी जेवत जा.
ताई

दि. १४ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. हप्ता पाठवतात, शब्द पाठवत नाहीत, हे तुम्हाला कळलंच असेल. तुमच्यासारखाच हट्टी वाण, दुसरं काय.

ह्यांनी फुग्याभाऊजींना तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते हसून म्हणाले, की ताईंना मी शाळेपासून घाबरतो. मग त्यांचे थोरले भाऊ जामीन राहिले. हॉल सुरू झाला. उद्घाटनाला आम्ही गेलो, मुलगी भराभर शिकली आणि हे आपटले.

तुमचं ते पत्र ह्यांच्या शर्टाच्या खिशात सापडलं. धुवायच्या आधी वाचलं. इतकी वर्षं मला वाटायचं, की ह्यांचा हा स्वभाव मी एकटीच निस्तरते. आपण दोघी आहोत हे कळून फार बरं वाटलं.

मोठेपणाने सांभाळून घेताच, तसंच घ्यावं.
आपली,
भावजय

दि. ३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जवळजवळ दीड वर्षाने लिहितोय. आधी राग होता, मग लाज.

फुग्याच्या हॉलला टाळं लागलं. पहिला हंगाम गर्दीचा गेला, मग फरशी उखडली आणि पोरांनी पाठ फिरवली. गेल्या आठवड्यात सावकाराची माणसं त्याच्या थोरल्या भावाचं घर मोजायला आली, तेव्हा मी तिथेच होतो. भावाची बायको भाजी चिरत बसली होती. त्यांनी तिला उठायला सांगितलं नाही. ती विळी घेऊन थोडी सरकली आणि टेप तिच्या पाठीमागून गेली. ताई, मला त्या जागी माझी माणसं दिसली.

भाऊ घर विकून देणं भागवतोय; उरलेल्या पैशात दोन खोल्या मिळतील. फुग्या बुटांच्या दुकानात नोकरीला लागला. पगारातला मोठा वाटा भावाला देतो, तेवढा तो खरा.

आता एक विनंती. तुझा शेवटचा हप्ता पुढच्या महिन्यात फिटतो. तो घेऊ नकोस, गहाण राहू दे. माझा साडू, घरमालक संघाचे सचिव आणि एक कवळीवाले गिऱ्हाईक, जामीन मागायला आलेल्या सगळ्यांना मी हेच सांगितलं, की घर ताईकडे गहाण आहे. फार सोयीचं वाक्य आहे.

रागावणं संपलं. लोभ पूर्ववत सुरू करावा.
धाकटा

दि. २० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

लबाडा! हप्ता घेतला आणि गहाण सोडवलं. कचेरीतले कागद सोबत आहेत. आता घरावर तुझ्याशिवाय कुणाचा हक्क नाही.

मी काही तुझ्या दाराला कायमचं कुलूप म्हणून पुरणार नाही. "नाही" हा एवढासा शब्द आहे, दातांत अडकत नाही. अडकलाच, तर तुझा धंदाच तो.

बेकरीवालीनेही सगळं फेडलं. येताना मोठा पाव घेऊन आली आणि दोन तास बोलत बसली. तूही ये.

तुझी,
ताई

दि. ११ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल फुग्या आला. बुटांच्या दुकानाचा मालक दुकान विकतोय, ते घ्यायचं त्याच्या मनात आहे. तुझं घर आता मोकळं झालंय असं ऐकलं, म्हणाला, जामीन राहशील का?

माझ्या तोंडात ते वाक्य तयारच होतं. पण ते आता खरं राहिलं नव्हतं. म्हणून मी नाही म्हटलं. त्याने कारण विचारलं. मी सांगितलं, की कारण असं काही नाही, घर देणार नाही, एवढंच. बायको आत भांडी घासत होती, तिचाही हात थांबला.

तो बरं म्हणाला आणि त्याने विचारलं, की चहा ठेवणार आहात का, का तोही नाहीच?

ताई, मला आयुष्यभर वाटत आलं, की नाही म्हटलं की माणूस उठून जातो. तो दोन कप प्यायला. पुढच्या रविवारी सहकुटुंब जेवायला येतो म्हणाला, आणि त्याला मी आनंदाने हो म्हटलं.

तूही रविवारी ये. गुडघ्याचं कारण चालणार नाही. नाही म्हणायला मला शिकवलंस, पण तुझं "नाही" मी ऐकणार नाही.

तुझा,
धाकटा