धाकट्याच्या पाया पडण्याबद्दल

प्रिय बाळू,

उद्या गुरुपौर्णिमा, तू गेल्यानंतरची पहिली. आणि तुझी माणसं मला तुझ्या खुर्चीत बसवायला निघाली आहेत. आता हे विचारायचं कुणाला? अध्यात्मातलं काही अडलं की मी तुलाच विचारायचो, अर्थात तुझी परीक्षा घेतोय असं दाखवत. ती सवय अजून गेलेली नाही, म्हणून लिहायला बसलो.

काल संध्याकाळी तुझ्या गुरुवारच्या मंडळीतले किरीटभाई चार-पाच जणांना घेऊन गावाच्या या टोकाला, समाला आमच्या घरी आले. म्हणाले, "मोटाभाई, तमे बेसी जाओ ने. भाऊ जेवाज लागो छो." मी तुझ्यासारखाच दिसतो म्हणे. तेच नाक, तोच आवाज, त्यात थोरला भाऊ आणि रिटायर्ड हेडमास्तर. पाद्यपूजेला कुणाचे तरी पाय हवेतच ना? मी म्हटलं, विचार करून सांगतो.

विचार कसला करणार, कपाळ! आज सकाळी न्हाणीघरात मी 'माझ्या प्रिय साधकांनो' अशी सुरुवात करून बघत होतो. तुझी वहिनी दाराबाहेरून म्हणाली, "साधकांना सांगा, नळ जायची वेळ झालीय."

पण तू गुरू झालास कसा रे? रिफायनरीत शिफ्ट करणारा माणूस तू. मांजलपूरच्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये गुरुवारी संध्याकाळी नाम घ्यायला बसायचास. शेजारी येऊन बसले, मग त्यांचे साडू आले, व्याही आले, आणि जिन्यात चपला मावेनात. नुकती केबल आली होती आणि घरोघरी सकाळपासून बुवा बोलत होते. तुझं मात्र चार वाक्यांत आटपायचं.

मी तेव्हा नुकता निवृत्त झालो होतो. आयुष्यभर मी वर्गात शिरलो की सगळे उठून उभे राहायचे. आता आमच्या घरात कुणी पेपरातून डोकंसुद्धा वर काढेना. जीव रमेना कशात. शेवटी ठरवलं, बाळूकडून अनुग्रह घ्यायचा, त्याच्या पायावर डोकं ठेवायचं आणि हा 'मी' एकदाचा उतरवायचा. नारळ घेतला, स्कूटर काढली आणि गाव ओलांडून तुझ्याकडे आलो.

आणि तू काय केलंस? मला दारात बघून उठलास, सगळ्या माणसांतून वाट काढत आलास आणि माझ्याच पायांवर डोकं ठेवलंस. "ये दादा, बैस." आता मी कसा वाकणार? थोरला धाकट्याच्या पाया पडला तर धाकट्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. नारळ तसाच परत आला. तुझ्या वहिनीने करंज्या केल्या.

खरं सांगू? मला ते फार आवडलं. मग मी दर गुरुवारी यायला लागलो, नामासाठी नव्हे, त्या नमस्कारासाठी. फतेगंजात चहाच्या टपरीवर मित्रांना सांगायचो, "अख्खी सोसायटी ज्याच्या पाया पडते ना, तो माझ्या पाया पडतो." म्हणजे मी कोण, ते तुम्हीच ठरवा!

एकदा तू मला सोडायला खाली आलास. स्कूटरला किक मारणार तोच म्हणालास, "दादा, मी तुझ्या पाया का पडतो, माहीत आहे?"

"मी मोठा म्हणून."

"तेही आहेच. पण लोक सारखे माझ्या पाया पडतात ना, ते डोक्यात जातं. तू आलास की उतरतं. तू माझं औषध आहेस."

"आणि माझं औषध?"

तू हसलास. "ते मी कसं देणार? तुझं तुलाच घ्यावं लागेल."

मला असा राग आला म्हणतोस! पुढचे कितीतरी गुरुवार मी फिरकलो नाही. तू फोन केला नाहीस, बोलावलं नाहीस. एकदा रागवायचं होतंस रे माझ्यावर. गुरू ना तू? मग शेवटी मीच आलो, आणि तू पुन्हा उठलास.

आजारपणातही तेच. मी खोलीत आलो की उशीवरून मान उचलायचास, हात माझ्या पायांकडे. मी दटावायचो, पडून राहा मुकाट्याने. तुला नेताना सगळे वाकले. मी थोरला, म्हणून भिंतीला टेकून उभा राहिलो. रीतच आहे, कुणी काही म्हटलं नाही. पण मला फार रडू आलं, बाळू, आणि ते फक्त तू गेलास म्हणून नव्हतं.

हे लिहिता लिहिता उठून किरीटभाईंना फोन केला. खुर्चीत भाऊंचा फोटो ठेवा म्हटलं. "अने तमे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी खाली, सतरंजीवर.  ते तयार झाले. "सारू, मोटाभाई."

तेव्हा ऐक. उद्या सगळ्यांच्या आधी येईन. गुडघे काही ऐकत नाहीत, एकदा खाली गेलो की दोघांना धरून उठवावं लागेल, आणि सगळं मांजलपूर हसेल. हसू देत. तुझ्यासमोर डोकं टेकणार आहे, हा माझा शब्द. उद्या तुला उठून मला अडवता येणार नाही.

तुझा शिष्य,
वसंत