दाराजवळची पेटी

प्रिय ताई,

‘प्रिय’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलंय, लगेच फुगू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र भावजींच्या हाती पाठवतेय. कागदाला तरी तुला मध्येच गप्प करता येणार नाही.

रविवारी आपल्या ठोकळ्यांच्या गेममध्ये गेले, तर आपलं कोठार ओळखूच येईना. काय ते रांगेत लावलेले दिवे, काय त्या भिंतभर पेट्या, प्रत्येकीवर आतल्या वस्तूचं चित्र! वरून यंत्रात सामान ओतायचं, की दगड दगडात, लाकूड लाकडात, आपोआप. तीन आठवडे खपलीस म्हणे. छानच आहे गं, कोण नाही म्हणतंय? पण मला विचारलंस? कोठार तिघींचं होतं, तुझं, माझं आणि आईचं. एकाच पेटीत बिया, कोळसा, मेंढीची लोकर, सगळं कोंबलेलं असायचं, तरी मला हवं ते बरोबर सापडायचं. तुला मात्र लहानपणापासून दुसऱ्याचा पसारा डोळ्यांत खुपतो. माझं दप्तरसुद्धा तू उपडं करायचीस.

आणि दाराजवळची आईची पेटी? आईला गेममध्ये धड उडी मारता यायची नाही. दर वेळी पाण्यात पडायची आणि वर आपल्यावरच ओरडायची. पण गेममधल्या ऐरणीवर वस्तू ठेवली की तिला हवं ते नाव देता येतं, हे शिकली आणि मग थांबेचना. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची खोड तिथेही. कुदळीचं नाव ‘मोठीची, हरवू नये’. पावाचं ‘आधी खा, मग खणत बसा’. एका फुलाचं ‘भांडलात तर हे घ्या’. ती अख्खी पेटी तू यंत्रात ओतलीस. नाव दिलेला पाव तुझ्या यंत्राला पाव वाटतच नाही. आणि ज्याची ओळख पटत नाही ते सगळं खालच्या लाव्हारसात जाऊन जळतं, ही सोयसुद्धा तुझीच. मी विचारलं तर तुझं उत्तर काय, तर कचरा गेला, जागा झाली! जळलं मेलं ते तुझं यंत्र.

आई गेली तेव्हा तिचं कपाटही तू एका दुपारी रिकामं केलंस. तेव्हा मी ब्र काढला नाही. तीच माझी चूक झाली.

तू माफी मागशील म्हणून मी लिहीत नाहीये, तेवढी खुळी नाही मी. भावजी सांगत होते, तुझा जुना लॅपटॉप शनिवारी सगळा पुसून शाळेला देणार आहेस. आई होती तोवर आपला गेम त्याच्यावरच चालायचा. गेमची तेव्हाची प्रत अजून त्यात असेल, आणि तिच्यात दाराजवळ आईची पेटी असेल. तुझ्यापुढे हात पसरताना अंगाचा तिळपापड होतोय, पण पसरतेय. तो लॅपटॉप आहे तसा, धुळीसकट, भावजींबरोबर पाठवून दे. एवढं एकदाच, ताई, काहीही आवरू नकोस.

तुझीच (दुसरा इलाज नाही म्हणून),
शेंडेफळ