डावखुरी बास

नाशिक रोड,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

प्रिय सहादू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासून मी कुणाला दोन ओळींच्या वर काही लिहिलेलं नाही. कंपनीत मेंटेनन्सच्या रजिस्टरात काय ते लिहितो, आणि तिथेही आपला सुपरवायझर यादव माझ्या अक्षराची टर उडवतो. तेव्हा सांभाळून घे. हे पत्र आणि सोबतचं लांबडं खोकं तुझा मेहुणा फकिरा उद्या जीपमधून पेठला आणेल. त्याला मी चांगलं बजावलंय, खोकं आडवं ठेवायचं, त्यावर टोमॅटोचे क्रेट रचायचे नाहीत आणि पत्र तुझ्याच हातात द्यायचं. खोकं उघड किंवा नको उघडूस, तुझी मर्जी. पत्र मात्र सोमवारच्या आत वाच.

सोमवारचं मला मंजुषा वहिनींकडून कळलं. कंपनीने अपघाताच्या चौकशीचा कागद पाठवलाय म्हणे. तुझा हात सापडला त्या प्रेसचं एक बटण तू हाताने दाबलंस, दुसरं कोपराने, सगळं तुझ्या निष्काळजीपणाने झालं असं त्यात लिहिलंय, आणि सोमवारी सिन्नरला जाऊन तू त्याखाली सही करणार आहेस. वहिनी फोनवर रडत होत्या. म्हणाल्या, "भावजी, ते म्हणतात चूक माझीच, मग सही करायला काय जातंय? लय गप्प झालेत. डावा हात टॉवेलखाली घालून बसतात, पोरीला, आरोहीलापण बघू देत नाहीत." मी 'बघतो' म्हणालो आणि फोन ठेवला. सहा महिने मी सगळ्यांना 'बघतो'च म्हणतोय.

खोक्यात बास गिटार आहे. लगेच तोंड वाकडं करू नकोस, पुढे वाच. दवाखान्यातून आल्यावर आठ दिवसांत तू तुझी जुनी बास विकून टाकलीस, तीही त्या बँजो पार्टीवाल्याला, ज्याला साधी तार लावता येत नाही, याचा मला अजून राग आहे. चौदा वर्षं मी आपल्या ऑर्केस्ट्राच्या वायरी गुंडाळल्या, स्पीकर उचलले, आणि प्रत्येक कार्यक्रमात तुझ्यामागे उभा राहिलो. लोक बघायचे गायकाकडे. तू आपला मागे, डोळे अर्धे मिटून, खालच्या पट्टीत काहीतरी चालवत असायचास. एकदा घोटीला तुझी केबल निसटली आणि नाचणाऱ्या बायका एकदम थबकल्या. गाणं तर चालूच होतं, मग काय थांबलं हे त्यांना समजेना. मी केबल परत खोचली तेव्हा तू माझ्याकडे बघून हसला होतास. तेव्हापासून मला ऑर्केस्ट्रात दुसरं काही ऐकूच येत नाही.

तर बास शोधायला मी ऑगस्टमध्ये लागलो. डाव्या हाताची तीन बोटं गेली, म्हणजे डाव्याने आता तारा दाबता येणार नाहीत हे उघड आहे. पण उजवा तर सगळा शाबूत आहे. तारा उजव्याने दाबायच्या आणि डाव्याने छेडायच्या, म्हणजे डावखुऱ्या माणसाची बास हवी. ती दुकानात नसते. मागवून घ्यावी लागते आणि किंमत ऐकून मी दुकानदाराला नमस्कार केला. मग ठरवलं, साधी स्वस्तातली जुनी बास घ्यायची आणि उलटी करायची. मी फिटर आहे, एवढं तर जमायलाच हवं. पहिली पाहिली ती उलटी धरल्यावर मानेवरच्या खालच्या फ्रेटच्या पट्ट्यांपर्यंत हातच पोचेना, अंगाचं वर आलेलं लाकडाचं शिंग मध्ये येत होतं. दुसरीची मान पिळवटलेली निघाली. शाफ्ट बघतो तशी एका टोकाकडून नजर लावून बघितली आणि विकणाऱ्याला तिथेच परत दिली. तो म्हणाला, "साहेब, वाजवायची आहे का बंदुकीसारखी धरायचीय?"

तिसरी गंगापूर रोडला मिळाली, तेजल नावाच्या कॉलेजच्या मुलीकडे. ती पुढच्या शिक्षणाला बाहेर चालली होती. बास लहानखुरी, आखूड मानेची, दोन्ही बाजूंची शिंगं जवळपास सारखी, कंपनीचं नावसुद्धा घासून गेलेलं. आखूड मान म्हणजे फ्रेट जवळजवळ आणि तारेला ताण कमी, नवशिक्या उजव्या हाताला बरी. फ्रेटची टोकं हाताला बोचत होती आणि ॲम्प्लिफायरला लावली की गुणगुण यायची. ती म्हणाली, "काका, आधीच सांगते, ही डावखुऱ्यांची नाहीये, मग परत आणू नका." मी म्हणालो, मित्रासाठी आहे, त्याची बोटं गेलीत. तिने बासकडे पाहिलं. मग विचारलं, "अंगठा आहे ना?" आहे म्हटलं. "मग निम्मी बास आहे त्यांच्याकडे," म्हणाली आणि बसून मला नुसत्या अंगठ्याने वाजवून दाखवलं, बाकीचा पंजा लाकडावर टेकवून. सहादू, खरं सांगतो, आवाज तुझ्या बोटांपेक्षा जाड आणि मऊ येत होता. सहा हजार सांगितले होते, पाचच घेतले, आणि स्वतःचा पट्टाही देऊन टाकला.

पहिल्या पाळीहून आलो की गॅलरीत पोतं अंथरून त्यावरच बसायचो. आधी पट्ट्याची खुंटी दुसऱ्या शिंगावर नेली. नॉब उलटे झाल्यामुळे वर आले, तुझ्या मनगटाला लागले असते, म्हणून टोनचा काढून भोक बुजवलं आणि आवाजाचा तेवढा ठेवला. आतल्या खोबणीला तांब्याची पट्टी चिकटवली, अर्थिंगची वायर सुटली होती ती सोल्डर केली, तेव्हा कुठे गुणगुण थांबली. फ्रेटची टोकं कानशीने गोल केली. खरा घाम फुटला तो नटपाशी. तारा डोक्याकडे जाताना ज्या खाचांत बसतात ती पांढरी पट्टी, तुला काय सांगायचं. उलटं केल्यावर जाडी तार बारीक खाचेत येते, म्हणून हाडाची कोरी पट्टी मागवून खाचा स्वतः पाडल्या. पहिली पट्टी वाया गेली. जाड्या तारेची खाच एक घासा जास्त गेली आणि तार पहिल्या फ्रेटवर खरखरायला लागली. दुसऱ्या पट्टीला आठ दिवस लावले, दोन घासे मारले की तार चढवून बघायची. तिसाव्या मिनिटाला कंटाळणारा मी, तू बघायला हवं होतंस.

एक गोष्ट तुला न विचारता केली. डाव्या हाताला टेकायला जागा हवी होती आणि तिचं माप माझ्याकडे नव्हतं. वहिनींना सांगितलं. तू दुपारी गोळी घेऊन झोपला होतास तेव्हा त्यांनी आरोहीच्या चित्रकलेच्या वहीवर तुझा हात ठेवून पेन्सिलने कडेने रेघ ओढली. तो कागद त्यांनी फकिराबरोबर पाठवला. अंगठा, मग सरळ रेघ, मग करंगळी. मी तो टेबलावर उलटा ठेवला आणि दोन दिवस बासला हात लावला नाही. मग सागाच्या तुकड्याची टेकणी केली, करंगळी अडकेल असा खोलगट कंगोरा ठेवून, वरून मऊ चामडं लावलं. माझ्या हाताला ती बसत नाही. फक्त तुझ्याच बसेल.

तारा सपाट गुंडाळीच्या टाकल्यात, बोटांना कमी घासतात. मानेतली सळई पाव फेरा सैल केली. पहिली आणि शेवटची फ्रेट दाबून मध्ये फट मोजायचा फीलर गेज घातला, तीन दशांश मिलिमीटर फट आहे. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन मिलिमीटर. प्रत्येक तारेचा सूर मोकळा आणि बाराव्यावर दाबून असा दोन्हीकडे जुळवलाय, पेठच्या हवेत थोडा हलेल, एलन की पिशवीत टाकलीय. उजव्या हाताला सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. वर्ष जाईल, कदाचित दोन. पहिला महिनाभर इतकं भिकार वाजेल की तुला ती विहिरीत टाकावीशी वाटेल. टाकू नकोस.

खरं तर मला एवढंच लिहून थांबायचं होतं. ऑगस्टपासून हेच मनात होतं, की बास इतकी चांगली करू की बाकी काही बोलावंच लागू नये. तू वाजवायला लागशील, मला हाक मारशील, मी परत वायरी गुंडाळेन. गेल्या रविवारी शेवटची तार जुळली, मी ती छेडली आणि मला शिसारी आली. बासची नाही, माझी.

आठव, अपघाताच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी त्र्यंबकला हळदीचा कार्यक्रम होता. तू म्हणालास, "शेखर, आठशे नग कधी व्हायचे रे, लय उशीर होईल." दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, आणि त्यात वेळ जातो. पॅनल उघडून वीतभर वायर जोडली की तीच प्रेस एका बटणावर चालते. ते मी आपणहून केलं, तू मागितलं नव्हतंस. तू फक्त विचारलंस, "सकाळी काढशील ना?" मी म्हणालो, "तू यायच्या आत." चारला तुझे नग संपले. कार्यक्रम झाला, स्पीकर गोदामात टाकून घरी यायला मला फार उशीर झाला, आणि शनिवारी मी अर्धा तास उशिरा पोचलो. तू सिन्नरलाच राहायचास, तू वेळेवर होतास. मी लॉकरपाशी बूट घालत असताना तुझी किंकाळी ऐकली. सगळे तुझ्याकडे धावले. मी पॅनलकडे धावलो. ते तुला उचलून बाहेर नेत होते तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हरने ती वायर काढत होतो. यादवने मला पाहिलं. संध्याकाळी रजिस्टर पुढे सरकवून तो म्हणाला, "मशीन तो ठीक था ना, शेखर? बस, फिर हो गया." सुरक्षा यंत्रणा सुस्थितीत, असं मी माझ्या त्याच अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तू पहिलं काय विचारलंस ते तुला आठवतं का माहीत नाही. "वायर काढली होतीस ना?" मी तुझ्या उशाशी बसलो होतो. म्हणालो, "हो रे, सकाळीच काढली." तू मान हलवलीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. त्या दिवसापासून तू स्वतःला दोषी धरून बसलायस.

हे सगळं मी काल कागदावर लिहून फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात दिलं आणि पोच घेतली. यादवचं नावही लिहिलं. नोकरी जाईल, पोलीस येतील, यायलाच हवेत. सोमवारी मी सिन्नरला असेन आणि तुझ्यासमोर हेच तोंडाने सांगेन. तू मला मारलंस तरी चालेल, बोलला नाहीस तरी चालेल, बास परत पाठवलीस तरी मला समजेल. मला माफ कर असं लिहायला मी बसलेलो नाही. सहा महिने तू स्वतःला विचारतोयस की दुसरं बटण कसं दाबलं गेलं. ते दाबलं गेलंच नव्हतं. कोपराचं त्यांनी रचलं आणि मी ते चालू दिलं. तुझा डावा हात अडकलेला नग काढत होता, उजवा तळवा चुकून एका बटणाला लागला, आणि एका बटणावर ती प्रेस खाली यायला नको होती. तुला जे आठवतंय ते अगदी बरोबर आहे, सहादू. त्या कागदावर सही करू नकोस.

तू नाही म्हणेपर्यंत तुझाच,
शेखर