मडमसाहेबांची निळ्या काठाची बशी

रत्नागिरी,
बुधवार, ता. ३० डिसेंबर १९३१

तीर्थस्वरूप गंगाराममामांच्या पायांवर भाचा हरिश्चंद्र याने डोके ठेवून कळवण्याचे ते असे की, मडमसाहेबांची निळ्या काठाची बशी आज सकाळी साडेआठ वाजता चौथ्यांदा आमच्या घरी आली. बातमी पक्की आहे. बशी आणणारा बंगल्यावरचा पट्टेवाला बाबल्या याने ती स्वतः ओट्यावरून ओरडून सांगितली आणि सांगण्याचे दोन आणे घेतले. त्याने आणखीही एक बातमी दिली. ती वाईट आहे, म्हणून ओघाने येईल तेव्हा सांगतो.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे ताप-खोकला कोणाला नाही. आपली व मामींची प्रकृती कशी आहे? पालीला थंडी पडली का? भाताची मळणी उरकली असेलच. आपण तपकीर सोडल्याचे गेल्या आठवड्यात मोटारवाल्याकडून ऐकले. ते खरे नसावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. (असे का, ते पुढे कळेल.)

आता मूळ हकीकत. कलेक्टरसाहेबाला नाताळची डाली, म्हणजे भेटीची टोपली, पाठवायची हा आमच्या कचेरीतला नियम कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही, आणि म्हणूनच तो कोणी मोडत नाही. माझा पगार चाळीस होता. कपात होऊन छत्तीस राहिला. त्यातून डालीसाठी पाच रुपये काढायचे असे मी दिवाळीतच ठरवले होते आणि विमलेने ते भिंतीवर कोळशाने लिहूनही ठेवले होते. पण डालीचा खर्च डालीवर होत नसतो, मामा. बटलराला रुपया दिला नाही तर टोपली स्वयंपाकघराच्या दारातच राहते. बाबल्याला चार आणे दिले नाहीत तर ती फाटकातच राहते. डोक्यावरून नेणाऱ्या हमालाचे दोन आणे तर चुकतच नाहीत. उरलेल्या पैशांत मी दोन डझन संत्री, केळ्यांचा एक बरा फणा, झेंडूचा हार आणि नझीरभाईंच्या भट्टीतला एक केक बसवला आणि वर आठ आणे शिल्लक ठेवले. त्या आठ आण्यांचा मला जो अभिमान झाला, त्याचीच ही शिक्षा असावी.

चूक एवढीच झाली की टोपली ऐन वेळी फुटकी निघाली आणि विमलेने सामान आपल्या माहेरच्या पितळेच्या परातीत रचून दिले. त्या परातीवर तिच्या वडिलांचे नाव कोरलेले आहे. नाताळची सबंध रात्र ती उठून बसत होती आणि परात परत येईल ना, असे मला विचारत होती. परात दुसऱ्या दिवशी आली. परातीत बशी आणि बशीत काळ्या रंगाचा पुडिंग नावाचा लगदा होता. घडले होते असे की, मडमसाहेब विलायतेहून नव्या आलेल्या, इकडचे रीतिरिवाज शिकण्याची त्यांना भारी हौस. परात कशी परत करावी हे त्यांनी बाबल्याला विचारले, आणि बाबल्याने सांगितले की आमच्यात आलेले भांडे रिकामे परत करत नाहीत, केल्यास घराला अपशकुन होतो. (यात त्याचा हेतू काय होता ते मला आज कळते. प्रत्येक खेपेला तो इकडून दोन आणे घेतो आणि तिकडून चार. या नाताळात कमावलेला असा तो एकटाच.)

पुडिंग कोणी खाल्ले ते विचारू नये. पण बशी धुऊन ती मी बाबल्याच्या हातात देऊ लागलो, तर विमला मध्ये आली. "रिकामी? सवाष्णीच्या घरातून भांडं रिकामं जातं कधी?" मी म्हटले, अगं, ती मडम आहे. तर म्हणाली, "मडम असली म्हणून काय झालं? तिचा नवरा आहे ना धडधाकट?" बशीतून करंज्या गेल्या. त्याच संध्याकाळी बशी परत आली, सोबत मुरांब्याची काचेची बरणी घेऊन. म्हणजे आता भांडी दोन झाली. बरणीत आंब्याचे लोणचे भरले आणि बशीसाठी मिरकरवाड्याहून सुरमई आणून तळली. (सुरमई आमच्या घरात शिमग्यानंतर प्रथमच आली आणि तुकडे मोजून बंगल्यावर गेली. आमची चिमा दाराशी उभी राहून त्या बशीकडे पाहत होती, ते मला बघवले नाही.) बरणी मडमसाहेबांनी ठेवून घेतली, देव त्यांचे भले करो. बशी मात्र लोकरीचे पायमोजे घेऊन आली. रत्नागिरीत लोकरीचे पायमोजे! पण लोकर आली म्हणजे कापड गेले पाहिजे असा विमलेने निवाडा दिला आणि सव्वा रुपयाचा खण गेला. भिंतीवरचा पाचाचा आकडा तिने केव्हाच पुसला आहे. मी मनात धरतो तो आकडा काल नऊ रुपयांपुढे गेला, आणि वाण्याचे जानेवारीचे सामान अजून भरायचे आहे.

आणि आज बशीतून काय आले असेल? साहेबाचा फोटो, चौकटीसकट. मेलेल्या बिबट्यावर एक पाय ठेवून साहेब उभा आहे. मला तर वाटते, मडमसाहेबांकडेही आता द्यायला काही उरलेले नाही. कपात त्यांच्याही घरात झालीच आहे. त्या माउलीला थांबायचे आहे, मला थांबायचे आहे, पण आधी थांबणार कोण? विमलेने फोटो कुठे लावायचा याचा विचारही केला नाही. ती सरळ म्हणाली, "त्यांनी फोटो दिला, आपणही आपला काढून द्यायचा." फोटोवाला तीन रुपये घेतो.

आता ती वाईट बातमी. बाबल्या म्हणतो, "रावसाहेब, काल सायेब चाय घेताना मडमेला बोलले, 'ही बशी आता घरात दिसली, तर त्या क्लार्काला मंडणगडला धाडतो.' माज्या या कानांनी आयकलं." बदल्यांची यादी सोमवारी लागायची आहे. मी हेडक्लार्कांना आडून विचारले, तर त्यांनी मान हलवली. (पण ते नेहमीच हलवतात.) मंडणगडास गेलो तर बिऱ्हाडे दोन होतील आणि छत्तीस रुपये छत्तीसच राहतील, कारण चिमाची शाळा इथे आहे. मी विमलेला हात जोडले. म्हटले, एकदाच बशी रिकामी जाऊ दे, साहेब खूश होईल. ती म्हणाली, "मंडणगडला जाऊ. पण माझ्या घरातून रिकामं भांडं जायचं नाही." अशा बाईपुढे कलेक्टरही काय करणार!

आपण वडील आहात. माझे सांत्वन करावे, एवढ्यासाठीच हे लिहिले. दुसरा काही हेतू नाही. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक भाचा,
हरिश्चंद्र

ता. क. — हेतू आहे. आपण शनिवारी सकाळच्या मोटारीने यावे आणि तपकिरीची डबी विसरू नये. आमच्या लग्नात आपण एका शिंकेसरशी रुखवतातली काचेची हंडी फोडलीत, चिमाच्या बारशाला नव्या कपबशांचा डझन, आणि तोही जागचे न उठता. तेव्हा मी रागावलो होतो, त्याची क्षमा असावी. फुटलेली बशी भरून पाठवता येत नाही. मी स्वतः ती आज हातातून सोडून पाहिली, पण शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती नुसती लोळली. विलायती माल आहे. म्हणून आपण दाराबाहेर जांभ्याच्या पायरीवर बसावे. चहा मी त्याच बशीतून देईन. आपल्याला विमला काही बोलू शकणार नाही. मला बोलेल, पण इथेच बोलेल, मंडणगडास नव्हे.

ता. क. दुसरा — पाकीट डकवायला खळ करत होतो, तेवढ्यात विमलेने पत्र वाचले. बशी आता ट्रंकेत कुलपाखाली आहे आणि किल्ली तिच्या कमरेला. आपला चहा पितळेच्या वाटीतून होईल. ती म्हणते, मामा येतच आहेत तर मामींनाही आणावे, वडील माणसे फोटोत शोभतील. फोटोवाल्याला शनिवारी चार वाजता अंगणात बोलावले आहे, आणि रविवारी सकाळी बशी फोटो घेऊन बंगल्यावर जाईल. पालीहून रिकाम्या हाताने येऊ नये, दहा-बारा नारळ चालतील, कारण फोटो एकटाच पाठवला तर बशी भरल्यासारखी दिसत नाही. कोट धुतलेला घालावा. फोटोवाला काळ्या कापडात डोके घालून तीन मोजतो, त्या वेळी शिंकू नये, एवढेच तिचे म्हणणे आहे.

माझे म्हणणे वर आलेच आहे.